चिंध्या, चीक आणि एक फाटकं पोस्टर

अमरावतीत रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तर माणसानं थोडं फिल्मी असावं लागतं. राजकमल चौक, प्रभात चौक, चित्रा चौक, श्याम चौक... ही पुढाऱ्यांची नावं नाहीत, ही टॉकीजची नावं! आपण मल्टिप्लेक्सला मॉलच्या नावानं ओळखणारी माणसं. इथे अख्ख्या चौकाला थेटरानं नाव दिलंय. पडद्यावर काय लागलंय, काही लागलंय की नाही, याच्याशी रिक्षावाल्याला देणंघेणं नाही. 'चित्रा' म्हटलं की तो बरोबर सोडतो.

याच्यामागे एक सॉलिड कारण आहे. सिनेमाच्या धंद्यानं वितरणासाठी देशाचे जे पट्टे पाडले, त्यातल्या एका पट्ट्याचं नाव सीपी-बेरार. म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड. तो प्रांत १९५० साली इतिहासजमा झाला, १९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात आला, पुढे महाराष्ट्र झाला. पण ट्रेडवाले अजून 'सीपी-बेरारला काय धंदा?' असंच विचारतात. या पट्ट्याचा कारभार बघणाऱ्या वितरकांची ऑफिसं होती भुसावळला आणि अमरावतीला. अमरावतीत खापर्डे बागेचा परिसर म्हणजे या मंडळींचा अड्डा. मुंबईहून निघालेलं पिक्चर विदर्भात शिरायचं ते यांच्या दारातून. पत्र्याच्या पेट्यांमध्ये रिळं, आणि त्यांच्यासोबत पब्लिसिटीचं बंडल. लहान पोस्टरं, मोठी पोस्टरं, जोडून लावायची सहा-सहा तुकड्यांची पोस्टरं, काचेच्या कपाटात टाचायचे फोटो, गाण्यांची पुस्तकं. मग हे बंडल पेट्यांच्या मागोमाग गावोगाव फिरायचं.

पोस्टरचं आयुष्य किती? एक आठवडा. पिक्चर चाललं तर दोन-चार. शुक्रवार आला की जुन्या हिरोच्या तोंडावरच लईचा ब्रश फिरायचा आणि नवा हिरो चिकटायचा. हा कागद टिकावा अशी कुणाचीच इच्छा नव्हती. ना छापणाऱ्याची, ना चिकटवणाऱ्याची, ना बघणाऱ्याची. २००५ नंतर उपग्रहावरून थेट थेटरात पिक्चर पोहोचवायची सोय झाली, हळूहळू पेट्यांची ये-जा थांबली. भिंतीवर फ्लेक्स आले. गोदामातला उरलासुरला कागद मग जिथे जायचा तिथे गेला, किलोवर.

आणि तिथूनच आमच्यासारख्यांचा छंद सुरू होतो. जुनी पोस्टरं गोळा करणारे खूप आहेत. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर रविवारी गेलात तर दहा पावलांवर एक भेटेल. पण गोळा केलेलं पोस्टर जगवणारे कमी. ही अगदी वेगळी जमात. कॉलेजात ज्यांना प्रॅक्टिकलचं जर्नल नीट ठेवता आलं नाही, अशी माणसं वीकेंडला चारचार तास एका कागदाची घडी उलगडत बसलेली मी बघितली आहेत. मीही त्यातलीच.

<b>ज्याला स्मारक नको होतं</b>

माझ्याकडे असंच रद्दीच्या एका गठ्ठ्यातून आलेलं पोस्टर आहे, 'देवकीनंदन गोपाला'चं. १९७७ चा सिनेमा, संत गाडगेबाबांवरचा. दिग्दर्शक राजदत्त. ते विदर्भातलेच, २०२४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. आणि गाडगेबाबांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. देवाला रिटायर करा म्हणणारा नट आणि देव दगडात नाही, माणसात आहे असं कीर्तनातून सांगणारा संत... कास्टिंग करणाऱ्याला सलाम!

पोस्टरची अवस्था विचारू नका. घड्या घालून पाठवलेलं, त्यामुळे पाठीवर आठ चौकोन. दोन घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे नेमकं रुपयाएवढं भोक. कुणीतरी मायेनं लावलेली सेलोटेप, जी आता गूळ चिकटल्यासारखी तपकिरी झालीय. कडांना कसर लागलेली. आणि मागच्या बाजूला जांभळ्या शाईतला पुसट गोल शिक्का. त्यात एकच शब्द धड वाचता येतो: अमरावती.

म्हणजे हा कागद एकदा या गावातून गेलेला. म्हणून ठरवलं, त्याच्यावर काम सुरू करण्याआधी त्याला एकदा त्याच्या गावी नेऊ. आणि अमरावतीला जायचं तर वलगाव चुकवून कसं चालेल? गाडगेबाबा गेले ते वलगावला.

परतवाड्याच्या रस्त्यावर, अमरावतीपासून दहा-बारा किलोमीटर. चिखलदऱ्याला जाणारा अख्खा वीकेंडी जथा इथूनच जातो, आणि शंभरातले नव्याण्णव जण गाडीची काचही खाली करत नाहीत. त्यांची चूक नाही. वलगावात 'पॉइंट' नाही. बाजार आहे, एस.टी.चा थांबा आहे, फाट्यावर चहाची टपरी आहे, हिवाळ्यात दोन्ही अंगांना तूर आणि पांढऱ्या बोंडांची कपाशी आहे. आणि पेढी नदी आहे. नदी म्हणताना थोडं संकोचायला होतं एवढीच, पुढे जाऊन पूर्णेला मिळणारी. मी गेले तेव्हा पात्रात पाण्यापेक्षा गवत जास्त होतं.

१९५६ च्या डिसेंबरात आजारी गाडगेबाबांना गाडीतून अमरावतीकडे आणत होते. नोव्हेंबरच्या ८ तारखेला त्यांनी मुंबईत वांद्र्याला कीर्तन केलं होतं, ते शेवटचं ठरलं. डिसेंबरच्या ६ तारखेला बाबासाहेब आंबेडकर गेले. या दोन माणसांचं एकमेकांवर फार प्रेम होतं. त्यानंतर दोनच आठवडे. २० डिसेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर, वलगावजवळ पेढीच्या पुलावर गाडीतच त्यांनी प्राण सोडला. ज्या माणसाचं अर्धं आयुष्य रस्त्यात गेलं, तो गेलाही रस्त्यातच.

तुम्हाला शाळेत शिकवलेले गाडगेबाबा आठवत असतील. हातात झाडू, डोक्यावर किंवा हातात मडक्याचं खापर, अंगावर चिंध्यांचा अंगरखा. २३ फेब्रुवारी १८७६ चा जन्म, अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावचा. परटाच्या घरातला डेबूजी. गावात शिरायचं, आधी गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांची डोकी. शाळा नाही, अक्षर ओळख नाही, पण धर्मशाळा, घाट, शाळा, वसतिगृहं यांची केवढी मोठी रांग उभी केली! स्वतः मात्र त्यातल्या कशाच्याही सावलीला मुक्काम टाकून बसले नाहीत. त्यांनी सांगून ठेवलं होतं की जिथे मरेन तिथेच माझं काय ते उरका. समाधी नको, पुतळा नको, मंदिर नको.

लोकांनी अर्थातच ऐकलं नाही. अमरावतीत गाडगेनगरला समाधी मंदिर आहे. वलगावला निर्वाणभूमी म्हणून स्मारक आहे. अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. २००० साली सुरू झालेलं ग्रामस्वच्छता अभियानही त्यांच्याच नावाचं. मला हे सगळं खटकतं असं नाही, पण पोस्टरचं भेंडोळं खांद्याला लावून तिथे उभं राहिल्यावर एक प्रश्न डोक्यातून जाईना. ज्या माणसानं आयुष्यभर केर काढला आणि स्वतःच्या मागे काही उरू नये असं बजावलं, त्याच्या पिक्चरचा, रद्दीत गेलेला, आठवडाभराच्या बोलीवर छापलेला हा कागद मी कशासाठी जपतेय? झाडूच्या बाजूनं विचार केला तर हा केरच की.

<b>'रंग कायले भरतं वं?'</b>

फाट्यावरच्या टपरीवर एक आजोबा बसले होते. धोतर, डोक्याला पांढरा रुमाल, सत्तरीच्या पुढचे. त्यांची नजर माझ्या नळकांड्यावर.

"कायचं भेंडोळं हाय वं पोरी ते? जमिनीचा नकाशा हाय का?"

"नाही काका, सिनेमाचं पोस्टर आहे. गाडगेबाबांच्या."

"बाबाच्या? दाखव बरं."

टपरीचं बाकडं पुसून घेतलं, प्लॅस्टिकची शीट टाकली आणि उलगडलं. चार माणसं जमली. आजोबांनी हात मागे बांधून घेतले, हे मला फार आवडलं. संग्रहालयातही लोक एवढं करत नाहीत.

"हे पाह्यलं हाय आमी," ते म्हणाले. "टुरिंग टाकी आली होती. कापूस निंघाला की यायची. खाली बसून पाह्यलं. बाया तं रडे रे बाप्पा."

मग बाकीच्यांनी आपापल्या आठवणी काढल्या. भोंगा लावलेली सायकलरिक्षा, तंबूच्या कनातीखालून घुसणारी पोरं, मध्येच तुटणारी फिल्म. त्यातल्या एकानं विचारलं, याचे किती येतील? काही नाही म्हटल्यावर त्यांचा इंटरेस्ट संपला. आजोबा मात्र त्या भोकाकडे बघत होते.

"काका, हे भोक आहे ना, इथे नवा कागद लावून त्याच्यावर रंग भरावा, हुबेहूब, असं काही जण म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?"

"रंग कायले भरतं वं?" ते म्हणाले. "ठिगळ लाव. बाबाच्या अंगावर कोठी धड कापड होतं?"

आता गंमत बघा. आजोबा जे बोलले, त्यावर जगभरच्या पोस्टरवाल्यांमध्ये कडाक्याचं भांडण आहे. अमेरिकेत पोस्टरचा मोठा बाजार आहे आणि तिथल्या पैसेवाल्या संग्राहकाला पोस्टर कालच प्रेसमधून आल्यासारखं हवं असतं. म्हणून पाठीमागे कापड चिकटवायचं, घड्यांच्या रेघांवर रंग फवारायचा, गेलेला भाग नव्यानं रंगवायचा. हे झालं रिस्टोरेशन. दुसरा पंथ संग्रहालयवाल्यांचा. त्यांचं म्हणणं, पुढची झीज थांबवा, पण झालेली झीज लपवू नका. जे कराल ते उद्या कुणाला उलटं करता आलं पाहिजे. भरलेला भाग सहा फुटांवरून खटकू नये आणि सहा इंचांवरून लपू नये. हे कॉन्झर्व्हेशन. गोधडे महाराज, चापरेबुवा, वट्टीसाधू अशी ज्याला प्रांताप्रांतात चिंध्यांवरून आणि खापरावरून नावं पडली, त्या माणसाच्या पोस्टरवर एअरब्रश? आजोबांचा पंथ बरोबर आहे. तिथेच ठरलं, ठिगळ.

आणि केराच्या प्रश्नाचं म्हणाल, तर टपरीवरची ती पाच मिनिटं मला पुरेशी वाटली. पेढीच्या काठचं स्मारक बघून कुणी मला तंबूतलं पिक्चर सांगितलं नव्हतं. ते सांगितलं या फाटक्या कागदानं.

<b>कुरडयांचा चीक आणि चुन्याची निवळी</b>

वाटतं तेवढं हे काम हायफाय नाही. उलट यातलं निम्मं सामान तुमच्या आजीच्या स्वयंपाकघरात आहे.

आधी शत्रू कोण ते बघू. पोस्टरचा कागद लाकडाच्या स्वस्त लगद्याचा. त्यात लिग्निन नावाचा घटक असतो, तो उजेड आणि हवा लागली की पिवळा पडतो. शिवाय कागदातच आम्ल असतं, ते त्याला आतून पोखरतं. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा असा कागद पापडासारखा होतो. घडी उलगडताना मोडतोच. जुलैत हवेत ओल आली की बुरशीचे ठिपके, कसर आणि वाळवी यांची पार्टी. पण या सगळ्यांपेक्षा मोठा शत्रू म्हणजे माणसाचं प्रेम! सेलोटेप, फेव्हिकॉल आणि लॅमिनेशन. लॅमिनेट केलेलं पोस्टर म्हणजे खल्लास. ते प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही, आणि आम्ल आत कोंडून राहतं.

पहिलं हत्यार म्हणजे मऊ ब्रश. धूळ झाडायची, मधून बाहेर, कडेकडे, दाब न देता. यालाच कधीकधी अख्खा रविवार जातो. मग शाईची परीक्षा. कोपऱ्यात ओला कापूस टेकवून बघायचं, रंग उतरतो का. छापलेली शाई तेलकट असते, ती सहसा टिकते. दगा देतात ते शिक्के आणि थेटरवाल्यानं हातानं लिहिलेल्या पट्ट्या. 'रोज ३ खेळ' वगैरे. नवशिक्यांना या पट्ट्या काढून टाकायची फार हौस असते. प्लीज, काढू नका. सिनेमा मुंबईत छापला असेल, पण ते पोस्टर कुठल्या गावच्या भिंतीवर जायचं होतं ते ती पट्टी सांगते. माझ्या पोस्टरचा जांभळा शिक्का म्हणूनच मी पाण्यापासून जिवापाड सांभाळणार आहे.

शाई टिकत असेल तर कागदाला आंघोळ. पॉलिस्टरच्या शीटवर ठेवून, कारण ओला पोस्टर-कागद नुसता उचलला की गेला. कागदातलं आम्ल मारायला हलकं अल्कलीचं पाणी लागतं. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं विरळ द्रावण असं नाव वाचून घाबरू नका, ती आपली चुन्याची निवळी! पानाच्या डब्यातल्या चुन्याची नव्हे हं, शुद्ध चुन्याची, आणि भरपूर पातळ केलेली. काही रंग अल्कलीनं बदलतात, तेव्हा इथेही आधी कोपऱ्यात परीक्षा.

मग चिकटवणं. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांमध्ये कागद जोडायला वापरतात गव्हाच्या स्टार्चची खळ. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा हसूच आलं. गहू भिजवायचे, वाटायचे, चोथा काढायचा, खाली बसलेला पांढरा साका शिजवायचा... अहो, हा तर कुरडयांचा चीक! फक्त मीठ-हिंग नाही. एक वाटी सत्त्वाला चार-पाच वाट्या पाणी, मंद आचेवर अर्धा तास ढवळायचं, गार करायचं, बारीक चाळणीतून दोनतीनदा गाळायचं. ही खळ वीस वर्षांनीही पाण्यानं सुटते, म्हणून ती प्रिय. पोस्टर चिकटवणारे लई करायचे तीही पिठाचीच, पण कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचे. भिंतीवरच्या आठवड्यासाठी आयडिया झकास. पण मोरचुदातलं तांबं कागदाचं आयुष्य खातं. तेव्हा आपल्या खळीत मोरचूद नाही, ती चार दिवसांत आंबते आणि पुन्हा करावी लागते. तक्रार नाही.

आणि ठिगळ कशाचं? फाटलेल्या रेघांना पाठीमागून पातळ जपानी टिश्यू लावतात. तो तुतीच्या जातीच्या झाडाच्या लांब धाग्यांचा असतो, कांद्याच्या पातीसारखा दिसतो पण ओढून तुटत नाही. भोक भरायला मात्र मी पुण्याच्या हातकागदाचा तुकडा आणून ठेवलाय. शिवाजीनगरला १९४० पासून ही हातकागद संस्था आहे. हा कागद कशापासून करतात ठाऊक आहे? सुती कापडाच्या कातरणांपासून. म्हणजे चिंध्यांपासून! कापसाचा धागा लांब, त्यात लिग्निन जवळजवळ नाहीच, म्हणून जुन्या पोथ्या दोनदोनशे वर्षं टिकल्या आणि आपलं १९७७ चं पोस्टर पन्नाशीच्या आत कोलमडलं. कापसाच्या मुलखातल्या, चिंध्या पांघरणाऱ्या माणसाच्या पोस्टरला चिंधीच्या कागदाचं ठिगळ. हे मी ठरवून केलेलं नाही, रसायनशास्त्रानंच केलंय.

शेवटी टिपकागदाच्या दोन थरांमध्ये घालून वर सारखं वजन. टिपकागद पहिल्या दिवशी तीनचारदा बदलायचा. घाईनं पंख्याखाली वाळवलं की पोस्टरचा पापड... पुन्हा पापड. एकदा वाळलं की ते आडवं ठेवायचं, आम्लमुक्त कागदात. भिंतीवर लावायचंच असेल तर काचेला टेकणार नाही अशा फ्रेममध्ये आणि उन्हाच्या समोर तर मुळीच नाही.

<b>अस्सल की रिप्रिंट?</b>

सगळं शिकून घेतलंत आणि निघालं रिप्रिंट, असं होऊ नये म्हणून थोडं. जुनी अस्सल पोस्टरं बघायची तर पुण्याला लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं नाव आधी घ्यावं लागेल. १९६४ साली सुरू झालं, पी. के. नायर यांनी वाढवलं, २०२२ पासून एनएफडीसीच्या छत्राखाली आहे. फिल्मच्या रिळांबरोबर पोस्टरांचाही मोठा साठा त्यांच्याकडे आहे. मुंबईत २०१९ साली उघडलेलं भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालयही बघण्यासारखं. फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही संस्था २०१५ पासून चित्रपट जतनाची शिबिरं घेते आहे.

अस्सल बघितलं की डोळा तयार होतो. आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांत नाव घेतलं जातं ते १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचं. त्याच कोल्हापूरचे जी. कांबळे. 'मुगल-ए-आझम'ची जाहिरात चित्रं त्यांनी रंगवली आणि सरकारी कचेऱ्यांत दिसणारं शिवाजी महाराजांचं चित्रही त्यांचंच. पुढच्या वेळी एखाद्या ऑफिसात सहीसाठी ताटकळत बसलात तर वर बघा, सिनेमाच्या पोस्टरवाल्याचा ब्रश आहे तो. 'दीवार' आणि 'अमर अकबर अँथनी'ची पोस्टरं दिवाकर करकरे यांची. एखाद्या चेहऱ्यावर सुरीनं फासल्यासारखा लाल-निळा रंग दिसला की त्यांची आठवण येते.

ओळखायची साधी युक्ती म्हणजे घड्याळजीचं भिंग. अस्सल छपाईत रंगाचे ठिपके कडक आणि स्पष्ट. पोस्टरचा फोटो काढून पुन्हा छापलेलं असेल तर ठिपक्यांवर ठिपके, सगळं लोण्यासारखं. शिवाय घड्यांच्या रेघा बोटाला लागल्या पाहिजेत. नुसत्याच दिसत असतील तर त्याही छापलेल्या आहेत! खालच्या कडेला प्रेसचं नाव असतं, ते वाचा. आणि फार दुर्मीळ काही सापडलंच तर स्वतः चीक शिजवत बसू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, अशा जाणकारांना आधी दाखवा. छंद म्हणून हात बसवायला रद्दीतली, तीनतीन प्रती असलेली पोस्टरं पुष्कळ आहेत.

माझ्या पोस्टरचं काम सध्या टेपवर अडलंय. सेलोटेपचं प्लॅस्टिक निघालं, डिंक कागदात मुरलाय, त्याला मिलिमीटर-मिलिमीटरनं सोडवणं चाललंय. शिक्क्याच्या बाजूला पाणी जाणार नाही, तेवढा भाग कोरडाच राहील. भोकाचं ठिगळ सगळ्यात शेवटी.

वलगावला जायचं असेल तर मुंबईहून रात्रीची अमरावती एक्स्प्रेस पकडा, सकाळी उतरा, स्टँडवरून परतवाड्याच्या कुठल्याही एस.टी.त बसा. २० डिसेंबरला पुण्यतिथी असते. गर्दी चालणार असेल तर तेव्हा, नाहीतर जानेवारीत, कपाशीची वेचणी चालू असताना. पावसाळ्यात स्वतः जा, पोस्टर नेऊ नका. परतताना अमरावतीत गिला वडा खायचाच, दह्यात बुडालेला, वर चटणी. फक्त हात साबणानं धुवा आणि पूर्ण कोरडे करा, मगच नळकांड्याचं झाकण उघडा.